नाही म्हणायला कलम लागतं

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात पुरुषोत्तमनगर म्हटलं की आठवतो तो सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखाना. पी. के. अण्णा पाटलांच्या पुढाकारातून उभा राहिलेला. गाळप सुरू झालं की उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, बैलगाड्या, मळीचा वास आणि रात्रभर चालू असलेल्या चहाच्या टपऱ्या. मी कारखान्याचं काम करत नाही. पण कारखान्याच्या भोवती जे जग उभं राहतं, त्याचे कागद माझ्याकडे येतात. विकास सोसायट्या, पतसंस्था, दूध संस्था, तोडणी-वाहतुकीचे कंत्राटदार, शाळा, अधूनमधून वर सातपुड्यात काम करणाऱ्या सेवाभावी संस्था. त्यांच्या वह्या येतात, एक्सेलच्या तक्त्यात बसतात आणि परत जातात. दर नोंदीमागे ठरतो. एक गाळा, काही कॉम्प्युटर, एक जुनं झेरॉक्स मशीन, कामाला दोन मुली. हंगामात आणखी कुणी मिळाली तर ती.

कायद्याच्या हिशेबात मी डेटा प्रोसेसर आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तीन पात्रं आहेत. ज्याची माहिती आहे तो डेटा प्रिन्सिपल. ती कशासाठी घ्यायची आणि तिचं काय करायचं हे ठरवणारा डेटा फिड्युशियरी. आणि फिड्युशियरीच्या वतीने त्या माहितीवर काम करणारा प्रोसेसर. सोसायटीचा सभासद पहिला, सोसायटी दुसरी, मी तिसरी. सभासद मला ओळखत नाही. त्याने फॉर्म भरून दिला गटसचिवांकडे. तो फॉर्म माझ्या टेबलावर कधी आला, कुणी टाइप केला, नंतर त्याचं काय झालं, हे त्याला कुणी सांगत नाही आणि तोही विचारत नाही.

टेबलावर काय काय येतं, त्याची कल्पना २०१७ च्या कर्जमाफीच्या वेळी आली. छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना. बँकांनी आणि सोसायट्यांनी भरून द्यायची ती '१ ते ६६ रकान्यांची' माहिती आमच्या भागातला कुठलाही गटसचिव अजून विसरलेला नाही. कर्ज कधी घेतलं, किती थकलं, कधीपासून थकलं, पुनर्गठन झालं का, बचत खातं कुठल्या बँकेत, आधार क्रमांक. माफी कुटुंबाला द्यायची होती, म्हणून कर्ज नवऱ्याचं असलं तरी बायकोचाही आधार. रात्री उशिरापर्यंत गटसचिव शेजारी बसून वाचायचे आणि मुली टाइप करायच्या. त्यातली एक ज्या गावची, त्याच गावची यादी तिच्या पुढ्यात. कुणाच्या बापावर किती कर्ज आहे, कुणाची जमीन कुणाकडे अडकली आहे, हे तिला सावकाराच्या आधी कळत होतं. गावात तेव्हा लग्नाची बोलणी चालू असलेली दोन घरं तिला माहीत होती. ती कुणाला काही बोलली नाही. पण बोलली असती, तर तिला अडवणारा कुठला कागद माझ्याकडे होता? कुठलाच नव्हता. माझ्याकडे होती ती सोसायटीची वर्क ऑर्डर: 'संगणकीकरण, प्रति नोंद अमुक रुपये, मुदत तमुक.' अर्ध्या पानात मावलेली.

माहितीची चोरी म्हटली की लोकांना कुठला तरी परदेशी हॅकर आठवतो. आमच्याकडे माहिती मागणारा चहा मागवून बसतो. तो ओळखीचा असतो, कुणाचा तरी साडू, कुणाचा तरी कार्यकर्ता. ट्रॅक्टर विकणाऱ्याला हवे असतात ज्यांचं उसाचं बिल नुकतंच जमा झालं ते. विमा विकणाऱ्याला हवे असतात जन्मतारखा. मुकादमाला हवं असतं दुसऱ्या मुकादमाने कुठल्या कोयत्याला किती उचल दिली ते. यातली एकही गोष्ट बाजारात विकली जात नाही. ती 'जरा बघून सांगा ना ताई' एवढ्यावर मागितली जाते.

२०२३ च्या त्या कायद्याची एक बाजू आमच्या धंद्यात मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. तो फक्त डिजिटल माहितीला लागू होतो. कागदावर घेतलेली माहिती नंतर डिजिटल झाली, तर तिलाही. म्हणजे सभासदांचं रजिस्टर सोसायटीच्या लोखंडी कपाटात आहे तोवर या कायद्याचा त्याच्याशी संबंध नाही. ते माझ्याकडे आलं आणि मुलीने पहिली ओळ टाइप केली, की कायदा तिथून पुढे लागू. तेव्हा या अख्ख्या तालुक्यात कायदा जिथे सुरू होतो, त्या जागा म्हणजे आमच्यासारखी दुकानं. आणि गंमत अशी की त्या कायद्यात आमच्यावर सरळ टाकलेली जबाबदारी जवळजवळ नाही. तिच्याकडे येते, पण आधी टेंभली.

टेंभली आमच्याच तालुक्यातलं. २९ सप्टेंबर २०१० ला तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी तिथे आले आणि देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. पहिला क्रमांक मिळालेल्या बाईचं नाव, फोटो, घर, परिस्थिती सगळं देशाने पाहिलं. बातमीदार नंतरही तिच्या दारात गेले, आधारने काय दिलं ते विचारायला. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. पुष्कळांचं ते लिहून झालं आहे. मला त्या दिवसातलं वेगळंच आठवतं. बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळं घेणारे ऑपरेटर कंत्राटावरचे होते, आणि पुढची बरीच वर्षं गावोगावी शिबिरं लावणारेही तसेच, एजन्सीचे. आधारचा कायदा झाला २०१६ मध्ये. आधी माहिती घेतली, नियम नंतर आले. खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं ते २४ ऑगस्ट २०१७ ला. म्हणजे आम्ही ६६ रकाने भरत होतो, त्याच दिवसांत. आमच्या गाळ्यात ती बातमी कुणी वाचली नव्हती. सर्व्हर डाउन होता आणि सगळे त्याच्या नावाने बोटं मोडत होते.

आपण करतो त्या कामाला कायद्यात काही कर्तव्यं जोडलेली असतात, हे मला कळलं ते एका युरोपीय कागदावरून. वर धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर गरोदर बायका आणि लहान मुलांच्या आहाराचं एक सर्वेक्षण चाललं होतं. पैसा युरोपातल्या देणगीदाराचा, आणि काय विचारायचं, त्याचं काय करायचं हे ठरवणाराही तोच. म्हणून त्यांचा कायदा त्यांच्या मागोमाग सातपुड्यात आला. जीडीपीआर. तो तिकडे २५ मे २०१८ पासून लागू आहे. इथल्या संस्थेने मला करार दिला तो चांगला जाड. मी शहाद्याच्या एका ओळखीच्या वकिलांकडे तो घेऊन गेले. त्यांनी दुपारभर वाचला आणि म्हणाले, "ताई, यात पैशाचं एक पान आहे. बाकी सगळं तुम्ही काय करायचं नाही, ते आहे."

करायचं नाही ते असं. लेखी सूचना असेल तेवढंच काम. त्यापलीकडे त्या माहितीला हात नाही. कामावरच्या प्रत्येकाकडून गुप्ततेची सही घ्यायची. सही करताना एकीने विचारलं, "घरी आईलापण नाही सांगायचं?" नाही सांगायचं. तिला ते पटायला वेळ लागला, कारण तिची आई आशा कार्यकर्ती आणि यादीतल्या अर्ध्या बायका आईच्या ओळखीच्या. माहिती फुटली, हरवली, चुकीच्या हाती गेली तर विलंब न लावता कळवायचं. कुणी आपली माहिती पाहायला मागितली, दुरुस्त करायला सांगितली तर संस्थेला मदत करायची. तपासायला कुणी आलं तर दार उघडायचं. काम संपलं की सगळं परत द्यायचं किंवा पुसायचं, त्यांना हवं असेल तसं.

आणि काम पुढे कुणाला द्यायचं नाही, आधी परवानगी घेतल्याशिवाय. हे मला जड गेलं. हंगामात काम वाढलं की लोणखेड्याच्या एका मुलीकडे घरी गठ्ठा पाठवायचा, तिने तिच्या लॅपटॉपवर करायचं, ही आमच्या धंद्याची जुनी पद्धत. लेकुरवाळ्या मुलींना त्यातून चार पैसे मिळतात. मी परवानगी मागितली. उलट प्रश्न आले: लॅपटॉप कुणाचा, आणखी कोण वापरतं, पासवर्ड आहे का, फाइल कुठे साठवली जाते. लॅपटॉप दिराचा होता. परवानगी मिळाली नाही. गाळ्यात येऊन करत असेल तर चालेल म्हणाले. तिने सासूशी बोलून दुपारचे दोन-तीन तास काढले. त्या कलमाने तिचं काम गेलं नाही, पण जाऊ शकलं असतं, हेही सांगून ठेवते. माहितीच्या रक्षणाची किंमत कुणी तरी मोजतं, आणि बहुतेकदा ती मोजणारी अशीच कुणी असते.

त्या सर्वेक्षणात एक रकाना होता संमतीचा. फॉर्मवर बाईने हो म्हटलं की खूण, आम्ही टाइप करायचं 'हो'. एका गठ्ठ्यात सगळ्या खुणा एकाच पेनाच्या, एकाच हाताच्या, एकाच तिरकस वळणाच्या. पाड्यावर फिरणाऱ्याला ते दिसत नाही, कारण तो एकेक फॉर्म भरतो. संस्थेच्या ऑफिसात दिसत नाही, कारण तिथे पोचतो तो तक्ता, आणि तक्त्यात सगळे 'हो' सारखेच दिसतात. ते दिसतं फक्त टाइप करणाऱ्याला. मुलींनी मला दाखवलं. एरवी मी म्हटलं असतं, आपल्याला काय करायचं, नोंदीमागे पैसे आहेत, भरा. पण करारात लिहिलेलं होतं की दिलेली सूचना कायद्याला धरून नाही असं वाटलं, तर मी लगेच कळवलं पाहिजे. मी मेल लिहिला. काम थांबलं. संस्थेची माणसं पुन्हा पाड्यांवर गेली आणि या वेळी पावरी आणि भिली बोलणाऱ्या बायकांना बरोबर घेऊन, वाचून दाखवून विचारून आली. काही बायका नाही म्हणाल्या. त्यांच्या ओळी तक्त्यातून निघाल्या. आधी केलेल्या नोंदींचे पैसे मला मिळाले, त्याबद्दल कुणी वाकडा शब्द काढला नाही.

इथे आपल्या कायद्यातली एक उणीव नंदुरबारकराला टोचतेच. माहिती घेताना जी नोटीस द्यायची, ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीसपैकी कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यायला हवा, असं कायदा म्हणतो. चांगलं आहे, मराठी त्यात आहे. पण २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. त्यांच्या घरातली भिली, पावरी, मावची अनुसूचीत नाही. धडगावच्या पाड्यावरच्या बाईला तिच्या बोलीत समजावून सांगणं हे त्यामुळे कुणाचंही कायदेशीर बंधन होत नाही. चांगल्या माणसाचा चांगुलपणा राहतो.

आता दुसरा प्रसंग. संस्थेचं नाव, गाव, साल सांगत नाही. सभासदांची माहिती आमच्याकडे टाइप झालेली होती आणि संस्थेची निवडणूक लागली. संचालकांपैकी एकाच्या जवळचा माणूस पेन ड्राइव्ह घेऊन आला. त्याला यादी हवी होती: नाव, गाव, मोबाइल नंबर आणि थकबाकी. मतदार यादी तर प्रसिद्ध होतेच, असं त्याचं म्हणणं. ते खरं आहे. मतदार यादी कायद्याने प्रसिद्ध करावी लागते आणि कायद्याने जाहीर केलेल्या माहितीला हा नवा कायदाही लागू नाही. पण त्या यादीत मोबाइल नंबर नसतो, आणि कुणाचे किती थकले हे तर नसतंच. थकबाकी कशाला हवी, ते त्याने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. ज्याचं थकलं आहे त्याच्या दारात प्रचाराला जाणं आणि ज्याचं थकलं नाही त्याच्या दारात जाणं यात काय फरक असतो, हे सहकारात वाढलेल्या कुणालाही समजतं.

मी म्हटलं, "भाऊ, सचिवांच्या सहीचं पत्र आणा." तो हसला. "ताई, संस्था आपलीच आहे." मी म्हटलं, माझ्याकडचा डेटा संस्थेचा आहे, म्हणूनच संस्थेचं पत्र लागेल. तो गेला आणि पत्र घेऊन आला नाही. पुढच्या वर्षी ते काम दुसऱ्या तालुक्यातल्या कुणाला तरी गेलं. कारण कुणी सांगितलं नाही. विचारून उपयोगही नव्हता, कारण माझ्याकडे करार नव्हता, होती तीच अर्ध्या पानाची वर्क ऑर्डर.

हे दोन्ही प्रसंग मी पुष्कळदा शेजारी शेजारी ठेवून पाहिले आहेत. पहिल्या वेळी मी युरोपातल्या बड्या देणगीदाराच्या कामात 'हे बरोबर नाही' असं कळवलं आणि माझं काम टिकलं. दुसऱ्या वेळी गावातल्या एका माणसाला तेवढंच म्हटलं आणि काम गेलं. पहिल्या वेळी मी फार धीट होते असं नाही. पहिल्या वेळी बोलणं माझं कर्तव्य म्हणून लिहिलेलं होतं, त्यामुळे समोरच्याला माझा राग धरता येत नव्हता. दुसऱ्या वेळी ते माझं आडमुठेपण ठरलं. प्रोसेसरवर जबाबदाऱ्या टाकल्या म्हणजे लहान धंदेवाल्याच्या डोक्यावर ओझं, असं शहाण्या माणसांकडून मी ऐकलं आहे. माझा अनुभव उलटा आहे. ज्याच्या पैशाचा दोर दुसऱ्याच्या हातात, त्याला नाही म्हणता यायला कलम लागतं.

आपल्या कायद्यात ते कलम नाही. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने जुलै २०१८ मध्ये जो मसुदा दिला, त्यात प्रोसेसरसाठी वेगळ्या तरतुदी होत्या. सूचनेपुरतंच काम, गुप्तता, परवानगीशिवाय पुढे काम न देणं, सुरक्षेची जबाबदारी दोघांवर. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने मंजूर केला तो कायदा आखूड आहे. त्याच्या आठव्या कलमात फिड्युशियरीबद्दल सगळं आहे. प्रोसेसरने काहीही केलं, करारात काहीही लिहिलं असलं, तरी उत्तर फिड्युशियरीने द्यायचं. प्रोसेसरला काम द्यायचं ते वैध करारानेच. सुरक्षा फिड्युशियरीने पाहायची, प्रोसेसरकडे असलेल्या माहितीचीसुद्धा. हेतू संपला किंवा संमती काढून घेतली की माहिती पुसायची आणि प्रोसेसरकडूनही पुसून घ्यायची. सुरक्षेत कसूर झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत, तोही फिड्युशियरीला. माझ्याबद्दल जे काही आहे ते त्याच्या मार्फत.

सभासदाच्या बाजूने पाहिलं तर यात शहाणपण आहे, हे मान्य केलं पाहिजे. २०२१ मध्ये एअर इंडियाच्या प्रवाशांची माहिती फुटली, जगभरातल्या सुमारे ४५ लाख लोकांची. फुटली ती एअर इंडियाच्या यंत्रणेतून नव्हे, तिचं प्रवासी नोंदणीचं काम सांभाळणाऱ्या सीटा या कंपनीकडून. तिकीट काढणाऱ्या कुणी सीटाचं नाव ऐकलं असेल? त्याने दाद मागायची तर ज्याच्याकडे तिकीट काढलं त्याच्याकडेच. तसंच इथे. सभासदाने माझा गाळा शोधत पुरुषोत्तमनगरला यावं, अशी अपेक्षा कुणी करू नये. त्याने सोसायटीच्या दारात जावं. पण त्याचा पत्ता सोपा करताना माझी पाटी कोरी ठेवायची काही गरज नव्हती. युरोपाने दोघांनाही बांधलं आहे.

अगदी कोरी तरी कशी म्हणू? जुना माहिती तंत्रज्ञान कायदा आहे. २००५ मध्ये पुण्यातल्या एका बीपीओमधल्या काही कर्मचाऱ्यांनी सिटीबँकेच्या अमेरिकी खातेदारांकडून पिन काढून घेऊन सुमारे साडेतीन लाख डॉलर वळवल्याचं प्रकरण गाजलं. कामासाठी हाती आलेली माहिती कामगारच पळवतो, तेव्हा काय करायचं हा प्रश्न तेव्हा पुढे आला आणि २००८ च्या दुरुस्तीत दोन कलमं आली: ४३-अ नुकसानभरपाईचं आणि ७२-अ शिक्षेचं. करारामुळे हाती आलेली वैयक्तिक माहिती करार मोडून किंवा त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय, कुणाचा बेकायदा फायदा किंवा नुकसान व्हावं म्हणून उघड केली, तर ७२-अ खाली तीन वर्षांपर्यंत कैद. नवा कायदा पुरता लागू झाला की ४३-अ जाणार आहे. ७२-अ राहील. आता मुलींना कामावर घेताना मी हेच कलम वाचून दाखवते. पण बघा, तेही सुरू होतं 'वैध करारापासून'. पुन्हा तो कागदच.

नव्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये राजपत्रात आले आणि त्यांनी त्या कागदात काय हवं ते थोडं स्पष्ट केलं. सुरक्षेच्या तरतुदी प्रोसेसरबरोबरच्या करारात लिहायच्या. माहिती सांकेतिक किंवा झाकलेल्या रूपात ठेवायची. कोण काय उघडू शकतं ते ठरवायचं, कुणी काय उघडलं त्याची नोंद निदान वर्षभर जपायची. हे मोठ्या कंपनीसाठी लिहिलंय असं वाटतं, पण गाळ्यातही करता येतं. आमच्या धंद्यात एकच पासवर्ड सगळ्यांचा आणि तो मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला, हे चित्र मी कितीतरी ठिकाणी पाहिलंय. प्रत्येकीचं लॉगिन वेगळं करायला पैसा लागत नाही. आधारच्या झेरॉक्सवर पहिले आठ आकडे झाकायला तर पेनच पुरतो.

फुटलेली माहिती कळवण्याचं मात्र अवघड आहे. नियमांप्रमाणे फिड्युशियरीने डेटा संरक्षण मंडळाला आणि ज्यांची माहिती फुटली त्या प्रत्येकाला लगेच कळवायचं. मंडळाला तपशील ७२ तासांच्या आत. शिवाय सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेचा एप्रिल २०२२ चा आदेश आहे, सायबर घटना सहा तासांत कळवण्याचा. तो सेवा देणाऱ्यांनाही लागू होतो. आता कल्पना करा, एका तोडणी कंत्राटदाराच्या मजुरांची माहिती आमच्या कॉम्प्युटरमधून गेली. उचल, आधार, बँक खातं. कंत्राटदाराला कळणार मी सांगेन तेव्हा. मी दोन दिवस गप्प बसले तर त्याचे दोन दिवस गेले. प्रोसेसरने किती तासांत सांगायचं, हे आपल्या नियमांत लिहिलेलं नाही. करारात लिहावं लागतं. आणि प्रत्येकाला कळवायचं तर कुठे कळवणार? यातली कितीतरी माणसं पुढच्या हंगामाला गुजरातमध्ये बारडोलीकडे तोडणीला गेलेली असतात, सिम बदललेलं असतं, एक फोन चार घरांत असतो. मुकादमाकरवी निरोप पाठवायचा, तर ज्या उचलीची माहिती फुटली ती मुकादमालाच हवी होती.

पुसणं हा माझ्या मते या सगळ्या कामाचा सगळ्यात खरा भाग. काम संपलं, बिल मिळालं, की त्या माहितीचं आपल्याकडे काही काम उरत नाही. पण ती असते. कॉम्प्युटरवर, बॅकअपच्या हार्ड डिस्कवर, तीन पेन ड्राइव्हवर, मेलच्या 'सेंट'मध्ये. गटसचिवांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले पासबुकाचे फोटो मुलीच्या फोनच्या गॅलरीत, भाचीच्या बारशाच्या फोटोंच्या मधोमध. वाया गेलेल्या झेरॉक्स रद्दीत. पहिल्यांदा नीट पुसायला बसलो तेव्हा लक्षात आलं की माहिती भरण्यापेक्षा ती कुठे कुठे आहे हे शोधायलाच जास्त वेळ जातो. आता कामाच्या दिवशीच वहीत लिहितो, फाइल कुठे कुठे गेली. व्हॉट्सअ‍ॅपवर काही घेत नाही. फार ओळखीचे गटसचिव रागावतात. मग म्हणते, माणूस पाठवा, पेन ड्राइव्ह पाठवा.

त्या युरोपीय कराराच्या आधाराने वकिलांनी मला दीड पानाचा मराठी करार करून दिला. कुठली माहिती, कशासाठी, किती दिवस. लेखी सूचनेशिवाय कुणालाही काही नाही, संचालकालाही नाही. काम पुढे देणार नाही. काही बिघडलं तर त्याच दिवशी फोन आणि दुसऱ्या दिवशी लेखी. काम संपल्यावर तीस दिवसांत पुसलं असं सहीचं पत्र. संस्थांमध्ये घेऊन गेले तेव्हा बहुतेक ठिकाणी एकच वाक्य ऐकलं: "ताई, आमचा तुमच्यावर विश्वास आहे, कागद कशाला?" एका पतसंस्थेच्या मॅनेजरांनी विचारलं, यात आमचा फायदा काय. मी २५० कोटींचा आकडा सांगितला. ते म्हणाले, आमच्या ठेवीच तेवढ्या नाहीत, आणि आम्ही दोघं हसलो. पण त्यांनी सही केली. निवृत्तीला आलेल्या एका गटसचिवांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचून एक प्रत जास्त मागितली, त्यांचं दुसरं काम करणाऱ्या ऑपरेटरला देण्यासाठी. मला वाटतं, ६६ रकान्यांच्या त्या रात्री त्यांनाही आठवत असाव्यात.

नव्या कायद्यातल्या बहुतेक जबाबदाऱ्या नियम आल्यापासून अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतील. २०२६-२७ चा गाळप हंगाम तेव्हा आटोपलेला असेल, पण त्या हंगामाची कर्जं, उचली, बिलं, खाती आमच्यासारख्यांच्या यंत्रांत तशीच असतील. तेव्हा सोसायटीच्या, पतसंस्थेच्या, दूध संस्थेच्या सचिवांना आणि मुकादम-कंत्राटदारांना विनंती आहे. पुढच्या कामाचा गठ्ठा देताना ऑपरेटरकडून लेखी करार मागा. तो नको म्हणाला तर गठ्ठा देऊ नका. आणि ऑपरेटर बंधू-भगिनींनो, संस्थेने कागद मागितला नाही तर आपण द्या. माझं दीड पान कुणालाही हवं असेल तर घेऊन जा, झेरॉक्सचेही पैसे घेणार नाही.